शून्य नंबरची खुर्ची

"स्मरणशक्ती हा मानवी संस्कृतीचा पाया आहे, आणि ज्या समाजाला काल आठवत नाही त्याला उद्याही नाही."

हे वाक्य मी वसंत व्याख्यानमालेसाठी स्वतः रचलं होतं. दाढी करताना घोटलं होतं, मिलला जाताना सायकलवर म्हणून पाहिलं होतं. आणि प्रत्यक्ष माईकपुढे उभा राहिलो तेव्हा साफ विसरलो. पहिल्या रांगेतून आमच्या सौभाग्यवती वच्छलाबाईंनी ओठ हलवून हलवून ते मला पुरवलं. मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "आधी ह्यांचीच मेमरी वाढवा की."

व्याख्यानाचा विषय होता ‘गणकयंत्राची स्मरणशक्ती : तिचे पत्ते व तिचा विस्तार’. या विषयातलं मला किती कळत होतं ते पुढे येईलच. मी त्यात शिरलो कशामुळे, ते मात्र एका शब्दात सांगता येतं. उकाड्यामुळे.

मी इथल्या एका कापड मिलच्या पगार-विभागात आहे. विभाग पत्र्याखाली. मार्च ते जून आम्ही कागदावर हात टेकवत नाही. टेकवला तर कागद हाताबरोबर वर येतो. पंखा आहे. तो एका कारकुनाकडची गरम हवा दुसऱ्याकडे नेतो. अशा ठिकाणी एके दिवशी बातमी आली, की मिल कॉम्प्युटर घेणार आणि त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधणार. कॉम्प्युटरला घाम आलेला चालत नाही. माणसाला आलेला चालतो. तो नोकरीच्या अटींतच धरलेला असतो. आता यंत्राशेजारी एक इन-चार्ज बसणार हे उघड होतं, आणि इन-चार्जला वगळून नुसतं यंत्र गार करायची युक्ती शास्त्राला अजून सापडलेली नव्हती. त्या दिवसापासून आमच्या विभागात विज्ञाननिष्ठा फार वाढली.

खरे उमेदवार दोनच. एक मी, कारण मिलनं मला मुंबईला कॉम्प्युटरच्या कोर्सला पाठवलं होतं. दुसरे हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसचे तिप्पण्णा, कारण त्यांच्याकडे स्वेटर होता. त्यांचा मेहुणा बंगलोरला असतो, त्यानं दिलेला. भर उन्हाळ्यात स्वेटर काढून त्याला ऊन दाखवणारा दुसरा माणूस त्या वर्षी सोलापुरात नसेल.

कोर्समध्ये मला निश्चितपणे समजलं ते एवढंच, की खोली थंड होती. सोलापूरच्या माणसाला अशा खोलीत बसवायचं आणि वर त्यानं जागं राहावं अशी अपेक्षा करायची, हा अन्याय आहे. मी जे ग्रहण केलं ते झोपेत. प्रमाणपत्र मात्र जाग्या माणसांना देतात तेच मिळालं.

मार्चच्या अखेरीस साहेबांनी बैठक बोलावली. साहेब म्हणजे आमचे मॅनेजिंग डायरेक्टर. त्यांनी नुकताच द्राक्षमळा केला होता, त्यामुळे त्या दिवसांत प्रत्येक बैठकीत टेबलावर द्राक्षं असत आणि ती गोड आहेत असं म्हणून मगच मुद्द्यावर येता येई. साहेबांनी कॉम्प्युटरचं माहितीपत्रक उलटं धरलं, मग सुलटं धरलं, आणि विचारलं, "यात म्हणतात मेमरी चौसष्ट हजार घरांची आहे, पण वाढवता येते. वाढवता येते म्हणजे काय? भिंत पाडायची का?"

सगळे द्राक्षांकडे बघायला लागले. तिप्पण्णा म्हणाले, "मंद्रूपकर कोर्स करून आलेत की, साहेब. ते सांगतील."

माझ्या तोंडात द्राक्ष होतं. ते आंबट होतं, पण गिळावं लागलं. मी म्हणालो, "हे प्रात्यक्षिकाशिवाय सांगता येणार नाही, साहेब."

वेळ मारून नेण्यासाठी याहून चांगलं वाक्य मराठीत नाही, असा माझा समज होता. साहेब म्हणाले, "मग करा प्रात्यक्षिक. व्याख्यानमालेत एक दिवस मी अध्यक्ष आहे आणि तिथला वक्ता आजारी पडलाय. गावालाही कळू दे आपण काय घेतोय ते. नीट समजावून सांगितलंत, तर त्या खोलीत तुम्हीच बसा."

तिप्पण्णांनी शांतपणे आणखी एक द्राक्ष घेतलं.

घरी येऊन मी कोर्सच्या सायक्लोस्टाइल नोट्स काढल्या. त्यांत म्हटलं होतं ते असं. यंत्राची स्मरणशक्ती म्हणजे घरांची रांग. प्रत्येक घराला नंबर. यंत्र कुणाला नावानं हाक मारत नाही; त्याच्याकडून तारा निघतात, आणि प्रत्येक तार एक तर चालू असते नाही तर बंद. कोणत्या चालू आणि कोणत्या बंद, यावरून हाक कोणत्या घराला आहे ते ठरतं. तारा तीन असतील तर घरं आठ, चार असतील तर सोळा. मिल घेणार होती त्या यंत्राला सोळा तारा, म्हणून घरं चौसष्ट हजार आणि वर थोडी. त्याच्यापुढे आणखी घरं बांधून उपयोग नाही, कारण त्यांना हाक मारायला तार नाही. आणि तार वाढवता येत नाही, कारण ती कारखान्यातूनच मोजून येते. इथपर्यंत मी व्यवस्थित पोचायचो. पुढचं वाक्य होतं, ‘तथापि स्मरणशक्ती वाढवता येते.’ तिथं मला रोज झोप लागायची.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गुरुसिद्धप्पा राहतात. भुसार मालाचे आडते आहेत. त्यांच्याकडे वजन न करता मिळणारी वस्तू एकच, सल्ला. भिंतीवर कोपर टेकून ते म्हणाले, "काय वाचायलाव एवढं, मंद्रूपकर? परीक्षा हाय काय?"

मी अडचण सांगितली. हाक मारायचे नंबर आठच आणि माणसं सोळा, तर काय करायचं?

"तेवढंच होय? आपला नळ कसा चालतो? पाइप तीच. चावी फिरवली की आज वरच्या गल्लीला, उद्या खालच्या गल्लीला. चार नंबरचं घर दोन्हीकडं हाय. ज्याच्याकडं चावी फिरली त्यानं घागर लावायची, दुसऱ्यानं गप बसायचं."

गणकयंत्राची तुलना नळाशी करणं मला हास्यास्पद वाटलं, आणि तसं मी त्यांना शास्त्रीय भाषेत सांगितलं. मग घरात येऊन ते लिहून घेतलं.

प्रात्यक्षिकही त्यांनीच आखलं. मी पुठ्ठ्याच्या डब्या करणार होतो. ते म्हणाले, "डब्या नको. माणसं बसवा. माणूस स्टेजवर बसला की त्याला बघायला त्याच्या घरची चार येतात. हॉल भरतो." व्याख्यानमालांचा सारा इतिहास या वाक्यात आहे. तेव्हा बेत असा ठरला. स्टेजच्या डाव्या अंगाला आठ खुर्च्या, उजव्या अंगाला आठ. दोन्हीकडे नंबर शून्य ते सात. प्रत्येक खुर्चीत एक माणूस आणि त्याच्या हातात पाटी, पाटीवर त्यानं लक्षात ठेवायची गोष्ट. पुढे तीन कारकून निशाणं घेऊन उभे. एकाचं निशाण म्हणजे एक, दुसऱ्याचं दोन, तिसऱ्याचं चार. वर गेलेल्या निशाणांची बेरीज म्हणजे खुर्चीचा नंबर. मधे तारेवर सरकणारा एक पडदा. तो ज्या अंगावर असेल त्या अंगाच्या लोकांनी ऐकलं तरी उठायचं नाही. निशाणं तीनच, पण माणसं आठाची सोळा. मेमरी वाढली.

वच्छलेला सांगितलं. ती म्हणाली, "तीन निशाणांनी सोळा माणसं हलतात म्हणता? आपल्या घरात तीन हाका मारल्या तरी एक माणूस हलत नाही."

पडदा ठरला तिथंच मी अडकलो. हॉलचे व्यवस्थापक म्हणाले, पडदा असेल तर परवाना आणा. परवाना ज्या कचेरीत मिळतो तिचं नाव मी सांगणार नाही. मला अजून सोलापुरात राहायचं आहे. तिथले कारकून पान चघळत होते.

"पडदा आहे म्हणजे नाटक," ते म्हणाले.

"व्याख्यान आहे, साहेब."

"व्याख्यानाला पडदा कशाला? वक्ता कपडे बदलतो काय? संहिता आणा. मंजूर होऊन आली की प्रयोग करा."

"संहिता नाही. पात्रं बोलतच नाहीत."

"पात्रं आहेत ना? मग नाटकच. नावं सांगा पात्रांची."

"शून्य ते सात. प्रत्येक दोनदा."

"डबल रोल?"

"नाही. माणसं वेगळी, नंबर तेच."

"जुळे?"

"एकमेकांशी काही संबंध नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "यातलं हे शून्य काय करतं?"

"काही नाही. बोलावलं की उभं राहतं, पाटी दाखवतं, खाली बसतं."

पेन थांबलं. "सरकारी नोकर आहे का तो? आमच्यावर टीका नाही ना?"

मी नाही म्हणालो. ‘विज्ञानविषयक मूक एकांकिका’ म्हणून परवाना मिळाला. त्यात एक अट होती, की प्रयोगात ऐनवेळी कोणत्याही पात्राच्या भूमिकेत बदल करू नये. ही अट किती दूरदर्शी होती ते मला नंतर कळलं.

मग तालीम. गाव उत्साही आहे. सोळा जागांना चाळीस माणसं आली. पण शून्य नंबरच्या खुर्चीत बसायला एक माणूस तयार होईना.

"एकापासून धरा की नंबर," सगळ्यांचं म्हणणं.

मी समजावलं, की तिन्ही निशाणं खाली असणं हीसुद्धा एक अवस्था आहे. ती कुठल्या तरी खुर्चीला द्यायलाच हवी, नाही तर आठाऐवजी सातच घरं होतील. शास्त्र शून्याला कमी लेखत नाही. लोकांनी ते मान्य केलं आणि एकमेकांना शून्यावर बसायचा आग्रह केला.

मी बोरामणीकर गुरुजींना विनंती केली. गुरुजी निवृत्त हेडमास्तर, साहेबांसकट निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. ते म्हणाले, "मंद्रूपकर, मी जन्मभर लोकांना शून्य दिलं. घेतलं कधी नाही." त्यांना राग यायला नको म्हणून मी त्यांना खुर्चीतूनच वगळलं आणि निशाणं बघून नंबर पुकारायचं काम दिलं. यंत्रात हे काम करणारा एक स्वतंत्र भाग असतो. तो विचार करत नाही, फक्त नियम पाळतो. ही निवड माझ्या दृष्टीनं अचूक होती.

तीन नंबरला कुणी बसेना, कारण तीन तिघाडा. शेवटी तिथं दोन्हीकडे परगावचे पाहुणे बसवले. पाच, सहा, सात वच्छलेच्या भजनी मंडळातल्या बायकांनी मागितले, पण गुरुसिद्धप्पांनी डावीकडची पाच नंबरची खुर्ची आधीच टोपी ठेवून धरली होती, म्हणून त्या उजवीकडे गेल्या. उजवीकडच्या शून्यासाठी आमच्या मिलच्या गेटवरचा कोंडीबा आपण होऊन पुढे आला. "मला काय," तो म्हणाला, "बसाया मिळतंय न्हवं? दिसभर हुबाच असतोय की."

राहिलं डावीकडचं शून्य. मी विचार केला, शून्य म्हणजे काहीच नाही, तिथं कुणी नसलं म्हणून काय बिघडतं? ती खुर्ची रिकामी ठेवली. शून्य हा रिकामेपणा नाही, तो पत्ता आहे. इतरांसारखाच, हाक मारली की ओ द्यावी लागणारा. नोट्समध्ये हे अधोरेखित केलेलं होतं. मीच केलं होतं, बहुधा झोपेत.

व्याख्यानाचा दिवस उजाडला. सोळा खुर्च्यांमुळे स्टेजवर अध्यक्षांच्या टेबलाला जागा उरली नव्हती. मी ठरवलं होतं, साहेबांना खाली पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवायचं. पण मंडपवाले हिंदुराव संध्याकाळी खाली लोकांसाठी खुर्च्या मांडायला आले तेव्हा मी घरी वाक्य घोटत होतो. हिंदुरावांनी पाहिलं, की स्टेजवर सगळ्या खुर्च्यांवर कुणाची ना कुणाची टोपी, पिशवी नाही तर रुमाल आहे, आणि डाव्या अंगाची पहिलीच खुर्ची रिकामी आहे. आपल्याकडच्या कार्यक्रमात पहिली खुर्ची रिकामी असेल तर ती कुणाची, हे मंडपवाल्याला सांगावं लागत नाही. त्यांनी तिथली लोखंडी खुर्ची उचलली आणि लग्नात नवरदेवाला देतात ती लाल मखमलीची, सिंहांच्या हातांची खुर्ची आणून ठेवली. वर पांढरा टॉवेल घातला. नंबराचा पुठ्ठा त्यांनी काढला नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यो गोल व्हय? लई शोभत हुता, म्हनून ऱ्हाऊ दिला. भवतीनं झेंडूची माळ लावली."

साहेब उशिरा आले. टाळ्या झाल्या. त्यांनी स्टेजवर नजर टाकली, मखमलीची खुर्ची पाहिली आणि कुणी काही सांगायच्या आत तिच्यात जाऊन बसले. खुर्चीत त्या नंबरची पाटी होती. व्याख्यानाची टिपणं काढायला ठेवली असावी असं समजून त्यांनी ती मांडीवर घेतली.

मी खालून वर आलो आणि हे दृश्य पाहिलं. साहेबांना, म्हणजे माझ्या थंड खोलीला, उठवायचं कसं? "साहेब, ही जागा शून्याची आहे" हे वाक्य मी मनात तीन-चार प्रकारे रचलं; कुठल्याच प्रकारात ते नोकरी टिकवणारं होईना. त्याच गडबडीत संस्कृतीचा पाया विसरलो, ते वर आलंच आहे.

पडदा उजव्या अंगावर होता. डावी बाजू समोर. मी पत्ता म्हणजे काय ते सांगितलं आणि खूण केली. चाराचं निशाण तिप्पण्णांकडे होतं. ते त्यांनी मागून घेतलं होतं. चाराचं आणि एकाचं निशाण वर गेलं. बोरामणीकर गुरुजींनी छडी आपटली. "पाच."

गुरुसिद्धप्पा उठले आणि पाटी दाखवली. पाटीवर मी लिहून दिलं होतं, ‘शेंगा’. गुरुसिद्धप्पा म्हणाले, "सध्या आवक कमी हाय."

मी म्हणालो, "अण्णा, घरानं ठेवलंय तेवढंच परत द्यायचं असतं. आपलं घालायचं नसतं."

"मग बसतो. पण लोकांनी शेंगा घेऊन ठेवाव्यात."

हॉल हसला. टाळ्याही आल्या. साहेबांनी मान डोलावली. त्या क्षणी मला खोलीतला गारवा मानेवर जाणवला. आणि दाखवणं संपल्यामुळे कारकुनांनी साहजिकच तिन्ही निशाणं खाली घेतली.

छडी आपटली. "शून्य."

कुणी उठलं नाही.

"शून्य नंबर," गुरुजी म्हणाले. "ऐकू येत नाही का?"

साहेब वळून शोधायला लागले, हा कोण बेशिस्त माणूस. गुरुजींनी छडी सरळ त्यांच्याकडे केली. "इकडे तिकडे काय बघतोस? पहिली खुर्ची. तूच."

मानवी स्मरणशक्तीबद्दल त्या संध्याकाळी सिद्ध झालेली एकमेव गोष्ट मी इथं नोंदवतो. चार हजार माणसांना कामाला लावणारे साहेब त्या आवाजासरशी ताडकन उभे राहिले. हातही आपोआप पाठीमागे गेले होते.

"पाटी दाखव."

साहेबांनी पाटी दाखवली.

"कोरी," गुरुजी म्हणाले. "बस खाली."

मी धावत जाऊन गुरुजींच्या कानाला लागलो. ते म्हणाले, "निशाणं खाली म्हणजे शून्य. नियम तुम्ही सांगितलात. मी माणूस बघून नंबर पुकारत नाही. पुकारले असते तर आज माझा बंगला असता." हे ते माईकपासून हातभर अंतरावर म्हणाले.

आता पंचाईत अशी, की दोन नंबरांच्या मधे निशाणं खाली येणारच. "दोन," आणि मग "शून्य." "सहा," आणि मग "शून्य." प्रत्येक शून्याला साहेब अर्धे उठत आणि मग आपण कोण आहोत ते आठवून बसत. मी कारकुनांना दबक्या आवाजात सांगितलं, निशाणं खाली आणूच नका. दोघांनी ऐकलं. पण त्यांची निशाणं एकाची आणि दोनाची. ती वर राहिली की गुरुजी "तीन" म्हणत आणि तो परगावचा पाहुणा पाटी घेऊन उठे. चौथ्यांदा उठावं लागल्यावर त्यानं विचारलं, "गाडीची वेळ झालीय, मी जाऊ का?" तेव्हा त्याच्यासाठी ती दोन्ही खाली घेतली. तिप्पण्णांचं चाराचं वर असतं तर साहेब तरी वाचले असते. तिप्पण्णा म्हणाले, "हात दुखायलाय हो, मंद्रूपकर. चाराचं जड असतंय." आणि निशाण खाली केलं.

"शून्य."

आणि तेव्हा मला विषय समजला. कोर्समध्ये नाही, नोट्समध्ये नाही. तिथं, घाम पुसताना. नंबर तोच राहू दे. हाक तीच राहू दे. फक्त हाक ज्याच्याकडे जाते ती बाजू बदलायची. पडदा डावीकडे ओढला की साहेब पडद्याआड, आणि शून्य म्हटलं की उठेल तो कोंडीबा. स्मरणशक्ती अशीच वाढवतात. भिंत पाडावी लागत नाही.

पण व्याख्यान होतं, न समजावता पडदा ओढणं बरं दिसलं नसतं. मी घाईघाईनं म्हणालो, "हे आपल्या नळासारखं आहे. पाइप तीच. चावी फिरली की एकदा वरच्या गल्लीला, एकदा खालच्या."

हे म्हणायला नको होतं. मागून एकजण उठला. "वरच्या गल्लीला चावी फिरते कवा, तेवढं सांगा."

"हे उदाहरण आहे," मी म्हणालो.

"उदाहरण तुमच्याकडं असंल, आमच्याकडं घागर हाय."

मग खालच्या गल्लीतले उठले. त्यांचं म्हणणं, पाणी वरच्यांना जातं. वरच्यांचं म्हणणं, त्यांनी चावीवाल्याला चहा पाजून ठेवलाय. भजनी मंडळातल्या एकजणीनं पडद्यामागूनच आपल्या नळाची हकिगत सांगितली. गणकयंत्रावर नसली तरी माझ्या व्याख्यानावर इतकी जिवंत चर्चा पुन्हा झालेली नाही. या गोंधळातही गुरुजी निशाणांवरची नजर काढत नव्हते आणि निशाणं खालीच होती. "शून्य," ते म्हणत. "शून्य."

"हिंदुराव, पडदा," मी ओरडलो.

हिंदुरावांनी दोरी ओढली. पडदा मधल्या खांबापर्यंत आला आणि अडला. हिंदुरावांनी पाय लावून जोर केला. तार सुटली आणि पडदा तारेसकट, तिन्ही निशाणधाऱ्यांना पोटात घेऊन, खाली आला. आता डावी बाजूही उघडी, उजवी बाजूही उघडी. नोट्समध्ये याला काय म्हणतात ते मी विसरलो, पण तसं होऊ देऊ नये असं तिथं लिहिलं आहे.

पडद्याखाली निशाणं दिसत नव्हती. गुरुजींनी नियम लावला. दिसत नाहीत, म्हणजे वर नाहीत.

"शून्य."

डावीकडे साहेब उठले. उजवीकडे, खाकी गणवेशात, पाटी छातीशी धरून कोंडीबा उठला. नळाचा वादसुद्धा थांबला. कोंडीबानं साहेबांना उभं पाहिलं आणि गेटवर करतो तसा कडक सलाम ठोकला.

"एका नंबरला दोघं?" गुरुजी म्हणाले. "यात खरा कोण?"

कोंडीबाला दया आली असावी. तो मोठ्यानं, अगदी आदरानं म्हणाला, "साहेब, तुमी बसा की. शून्याचं मी बघतो."

पुढचं मला नीट आठवत नाही, आणि ज्यांना आठवतं त्यांनी मला सांगितल्याशिवाय सोडलेलं नाही. हसणं थांबेपर्यंत गुरुजींनी छडी तीनदा आपटली. मग अध्यक्षीय समारोप झाला. साहेब उभे राहिले. या वेळी स्वतःहून. म्हणाले, "वक्त्यांनी विषय फार परिणामकारकपणे मांडला. मला पूर्ण समजला. मेमरी वाढवायची गरज नाही. आहे तीच पुष्कळ आहे." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर दारात कुलूप काढताना वच्छला म्हणाली, "खोली गेली ना?"

"गेली."

"मग उद्या नवा माठ आणा. जुना पाझरत नाही आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुसिद्धप्पा भिंतीवर हजर. "वाईट वाटून घेऊ नका, मंद्रूपकर. तुमचं सगळं बरोबर होतं. फक्त साहेबांना पाचावर बसवायचं आणि मला सांगायचं. मी उठलो असतो की." शहाणपणा असा नेहमी कार्यक्रमानंतरच का येतो, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आधी कुणी विचारत नाही म्हणून." आणि शेंगांची पिशवी देऊन गेले. त्या आठवड्यात गावात शेंगांना बरी मागणी होती म्हणे.

थंड खोली मात्र झाली. यंत्राच्या आधी खोली तयार पाहिजे असा करारच होता. पावसाळ्यात भिंती उभ्या राहिल्या, दिवाळीनंतर गार हवेचं यंत्र बसलं. कॉम्प्युटर परदेशातून यायचा, त्याला दिल्लीची परवानगी लागते, ती अजून आलेली नाही. तोपर्यंत खोली बंद ठेवली तर गार हवेचं यंत्र बिघडतं, म्हणून ती चालू ठेवतात. किल्ली तिप्पण्णांकडे आहे. ते आत स्वेटर घालून बसतात. दारावर, बाहेरच्या बाजूला, कोंडीबा उभा असतो.

आत साहेबांच्या मळ्यातल्या द्राक्षांच्या पेट्या ठेवतात. प्रत्येक पेटीवर नंबर घातला आहे. पहिल्या पेटीचा नंबर एक आहे.